जुने रिव्हॉल्व्हर आणि त्याचा वारस



ह्या व्यासपीठावरून वसंत ऋतूत आपण संतांविषयी ऐकता, शेतीविषयी ऐकता, कधी आरोग्याविषयी ऐकता. त्या मालिकेत आज मी एका हत्याराविषयी बोलणार, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. चिटणिसांच्याही गेल्या होत्या. पण त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “तुम्हाला त्यात सांगण्यासारखे काही आहे ना?” आहे, म्हणून मी उभा आहे. विषय माझ्या घरातला आहे, आणि अद्याप सुटलेला नाही.

आमच्या घरी एक रिव्हॉल्व्हर आहे. परवान्याचे आहे, हे पोलीस पाटलांच्या समाधानासाठी आधीच सांगून टाकतो. वडिलांनी ते 1958 साली हैदराबादेहून आणले. त्यांच्यामागे परवाना माझ्या नावावर झाला. आता माझी सत्तरी उलटली आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत अशी तरतूद आहे की, परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा हत्यार त्याच्याजवळ राहून पंचवीस वर्षे झाली, तर त्याच्या हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. माझा मुलगा म्हणतो, “बाबा, अर्ज करून टाका.” मी विचारले, “तुला ते कशाला हवे?” तो म्हणाला, “कशाला म्हणजे? आपल्या घरात आहे. असू दे.”

ह्या “असू दे” ने मला विचार करायला लावले, आणि त्या विचाराचे हे व्याख्यान झाले.

प्रथम ती वस्तू काय आहे ते सांगतो. ते 0.22 मापाचे आहे, म्हणजे नळीचे तोंड पाव इंचाहूनही थोडे लहान. मधे फिरणारी चक्री, तिला सहा घरे. एका बाजूस लहानशी झडप. ती उघडून एकेक काडतूस एकेका घरात सरकवायचे आणि रिकामी टरफले एकेक करून मागे ढकलून काढायची. घोडा दर वेळी अंगठ्याने चढवायचा. घोडा चढला की चक्री एक घर पुढे सरकते आणि टक् टक् असा आवाज होतो. मग चाप ओढला की घोडा सुटतो. चापाचे काम एवढे एकच, म्हणून अशा बनावटीला ‘सिंगल ॲक्शन’ म्हणतात. पुढे अशी रिव्हॉल्व्हरे झाली की ज्यांत चाप ओढला की घोडा आपोआप चढतो आणि सुटतोही. ती झपाट्याची. आमचे मात्र सावकाशीचे.

काडतुसाचीही एक गंमत आहे. बंदुकीच्या सर्वसाधारण काडतुसाला बुडाच्या मध्यभागी टोपी असते आणि घोड्याचा आघात तिच्यावर होतो. आमच्या काडतुसाला वेगळी टोपी नाही. पेट घेणारा मसाला बुडाच्या पोकळ काठात भरलेला असतो आणि घोडा त्या काठालाच चेमटतो. फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या कारागिराने 1845 च्या सुमारास असे काडतूस तयार केले; त्यात वेगळी दारूसुद्धा नव्हती, दिवाणखान्यात नेमबाजीचा खेळ खेळण्यापुरते ते होते. अमेरिकेत सॅम्युएल कोल्टने फिरत्या चक्रीचा हक्क 1836 सालीच घेतला होता. पण त्याच्या चक्रीत दारू आणि गोळी समोरून ठासावी लागे. तयार काडतूस मागून घालण्याचे रिव्हॉल्व्हर स्मिथ आणि वेसन ह्या जोडीने 1857 साली विकायला काढले. तेही 0.22 चेच, सात गोळ्यांचे, काठावर आघात होणारे. इकडे मीरत आणि कानपूर पेटले होते, चरबीच्या काडतुसांवरून एक राज्य हादरत होते. आणि त्याच वर्षी तिकडे एक चिमुकले काडतूस बाजारात आले. इतिहास कधी कधी असे दोन धागे शेजारी ठेवतो, त्यांची गाठ मात्र मारीत नाही.

कोल्टचे प्रसिद्ध सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर 1873 चे. त्यानंतर थोड्याच वर्षांत ही बनावट जुनी ठरू लागली. पोलिसांना आणि सैनिकांना झपाट्याचे हत्यार हवे होते, ते त्यांना मिळाले. रीतीप्रमाणे पाहता सिंगल ॲक्शन नाहीसे व्हायला हवे होते. ते झाले नाही. 1953 साली रुगर ह्या अमेरिकन कारखानदाराने 0.22 मापाचे, जुन्या घाटाचे, अंगठ्याने घोडा चढवण्याचे रिव्हॉल्व्हर पुन्हा नव्याने काढले आणि ते चालले. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही निघतात. घोडेस्वारांच्या सिनेमांनी त्याला हातभार लावला हे खरे. पण नुसत्या सिनेमावर एखादी वस्तू सत्तर वर्षे टिकत नाही.

मग ती कशावर टिकते? माझ्यापुरते उत्तर देतो. पहिले कारण, ही वस्तू आपले काम लपवीत नाही. आजकाल घरातील पुष्कळ यंत्रे अशी असतात की बिघडली तर उघडून पाहण्यातही अर्थ नसतो. ह्या रिव्हॉल्व्हरचा प्रत्येक भाग डोळ्यांसमोर हलतो. कोणती कळ कशाला ढकलते ते मुलालाही समजते. जुने घड्याळ, शिवणयंत्र किंवा विहिरीवरचा रहाट ज्यांना आवडतो त्यांना ही आवड समजेल. दुसरे कारण, ते घाई करू देत नाही. एक बार झाला की अंगठा उचलावा लागतो, आणि तेवढ्यात माणसाला विचार करायला एक क्षण मिळतो. तिसरे कारण, ते वडिलांच्या हातचे आहे. त्याच्या मुठीचे लाकूड त्यांच्या तळव्याने गुळगुळीत झाले आहे. रविवारी दुपारी ते जुने धोतर फाडून त्याची चिंधी करीत, तेलाचा थेंब टाकीत, आणि मला शेजारी बसवून भाग मोजायला लावीत. त्या तेलाचा वास आला की मी आजही आठ वर्षांचा होतो.

आणखी एक कारण आहे. ते जरा कमी सोज्वळ आहे, म्हणून लपवीत नाही. आपल्या देशात खाजगी माणसाला परदेशी हत्यार आणणे 1980 च्या दशकापासून बंद झाले. त्यामुळे आधी आलेली तेवढी राहिली, आणि त्यांचे मोल वाढत गेले. माझे रिव्हॉल्व्हर पाहून एका गृहस्थाने जी किंमत सांगितली तिच्यात आमच्या गावाकडे बैलजोडी आली असती. दुर्मिळ झाले की लोखंडालाही सोन्याची चकाकी येते. आणि प्रतिष्ठेचे काय सांगू! आपल्या मराठवाड्यात वाड्यावर परवान्याचे हत्यार असणे म्हणजे दारी हत्ती झुलण्यासारखे मानणारी एक पिढी होऊन गेली, आणि तिची नातवंडे अजून आहेत. लग्नाच्या मांडवात बार काढणारे वीर आपण पाहिलेले आहेत. 2019 च्या दुरुस्तीने अशा बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे असावीत असेही ठरले. कायद्याला हे सांगावे लागले, यातच आपली परीक्षा झाली.

पण शस्त्राचे आकर्षण म्हणजे नुसती मिरवणूक, असे म्हणून मी मोकळा होणार नाही. आपण ज्या गावात बसलो आहोत त्या गावाला तसे म्हणण्याचा अधिकार नाही. समोरच्या डोंगरावर रेणुकामाता आहे. तिचा पुत्र परशुराम, ज्याच्या नावातच शस्त्र आहे. आपला दसरा शस्त्रपूजेवाचून होत नाही. खाली नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंहांची शस्त्रे श्रद्धेने जपून ठेवली आहेत. 1708 साली त्या महापुरुषाने गोदाकाठी देह ठेवला, आणि आजही दिवाळीच्या आधी गोदावरीचे पाणी आणून तख्ताला आणि शस्त्रांना स्नान घालतात. शस्त्रात स्मृती राहते हे आपल्या मुलखाला शिकवावे लागत नाही.

आणि गरजही माहीत आहे. 1878 साली लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्रांचा कायदा केला. गोऱ्यांना मोकळीक आणि आपल्याला परवाना. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांच्याही मुसक्या बांधल्या. पुण्याला न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली 1875 साली. म्हणजे तीन वर्षांच्या आत हत्यारही गेले आणि छापलेला शब्दही अडवला गेला. अशा वेळी बोललेल्या शब्दाला किती किंमत आली असेल पाहा! हत्यार काढून घेणे हा अपमान आहे असे पुढाऱ्यांना वाटे. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नागरिकाला नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा, असे कलम घातले गेले होते. पुढे राज्यघटनेत मात्र तो मूलभूत हक्क म्हणून आला नाही, आणि 1959 चा शस्त्र कायदाही परवान्याच्याच पायावर उभा राहिला.

आमच्या भागाला तर ह्या प्रश्नाची धग प्रत्यक्ष लागली. त्या वेळी किनवट-माहूरचा हा मुलूख निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे हिंदुस्थान सरकारची हद्द. 1947-48 साली रझाकारांच्या भीतीने किती कुटुंबांनी रात्रीतून ती नदी ओलांडली, हे इथल्या घराघरांतून सांगितले जाते. तेव्हा ज्यांच्याकडे ठासणीची एक बंदूक होती त्या वाड्याच्या आश्रयाला शेजारची दहा घरे येत. वडील म्हणत, “त्या वर्षी माझ्या हातात काठी होती, आणि काठीला घाबरणारे कोणी आले नव्हते.” 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, पण ती काठी त्यांच्या मनातून गेली नाही. दहा वर्षांनी चार पैसे गाठीला जमले तेव्हा त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतले. ते हौसेने घेतले असे आम्हाला वाटे. मी मोठा झाल्यावर मला कळले की ते भीतीने घेतले होते, आणि भीती गेल्यावर तिची हौस झाली होती.

त्या काळातील एक तारीख मात्र मी कधी विसरत नाही. 30 जानेवारी 1948. त्या दिवशी आपल्याच नांदेड जिल्ह्यात स्वातंत्र्यसैनिकांनी हत्यारांनिशी उमरीची बँक लुटली, लढ्यासाठी. मराठवाड्यात ती गोष्ट आजही अभिमानाने सांगतात. आणि त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीला, प्रार्थनेला निघालेल्या एका वृद्धावर पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या गेल्या. हत्यार इकडे मुक्तीसाठी उठले, तिकडे महात्म्यावर उठले, दिवस एकच. लोखंडाला ह्यातले काही कळत नव्हते. जे कळायचे ते धरणाऱ्या हाताला.

आता आमच्या घरात काय झाले ते सांगतो. मघाशी मी म्हणालो की ही बनावट विचाराला एक क्षण देते. ते खरे आहे. पण तिच्यात एक खोडही आहे, आणि प्रत्येक गुण सांगणाऱ्याने ती सांगितलीच पाहिजे. जुन्या घडणीत घोडा खाली असला की त्याचे टोक थेट समोरच्या काडतुसावर टेकते. अशा स्थितीत रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटले, तर चाप न ओढताच बार होतो. म्हणून जाणत्या लोकांची रीत अशी की, सहा घरांपैकी पाचच भरायची आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवायचे. रुगरने 1973 साली मधे एक पट्टी घालून ही खोड काढली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती पट्टी वर येत नाही आणि आघात पोचत नाही. आमचे रिव्हॉल्व्हर त्याच्या पुष्कळ आधीचे. विकणाऱ्याने वडिलांना “पाचच भरा” असे बजावले होते. पण सहाव्या घराचेही पैसे मोजले आहेत, ते रिकामे का ठेवायचे, असा वडिलांचा हिशेब.

मी नववीत होतो. पावसाळ्याची सकाळ. वडील फडताळातून काही कागद काढीत होते. कागदांबरोबर ते रिव्हॉल्व्हर सरकले आणि फरशीवर पडले. केवढा आवाज झाला तो मला सांगता येणार नाही. धूर निवळला तेव्हा आई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती तशीच बसलेली होती, आणि तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर सागवानी खांबाला एक भोक पडले होते. तिच्या हातातले सूप हलले नव्हते. पण पुढे चार दिवस ती कोणाशी बोलली नाही.

त्या दसऱ्याला वडिलांनी नेहमीप्रमाणे पाटावर हत्यारे मांडली: कोयता, विळा, कुऱ्हाड, आजोबांची गंजलेली तलवार, आणि शेवटी रिव्हॉल्व्हर. आई हळदकुंकवाचे तबक घेऊन आली आणि उभीच राहिली. म्हणाली, “आधी सगळी घरे रिकामी दाखवा, मग मी कुंकू लावीन.” वडिलांनी झडप उघडली, चक्री एकेक घर फिरवून तिला दाखवली. सहा वेळा टक् टक् झाले. मग तिने वाकून कुंकू लावले. त्यानंतर ती असेपर्यंत आमच्या घरी शस्त्रपूजा अशीच झाली. माझ्या समजुतीप्रमाणे शस्त्राच्या कायद्यावर इतके नेमके भाष्य कोणा विधिज्ञानेही केलेले नसेल.

ह्या प्रसंगानंतर वडील नेहमी पाचच घरे भरीत. पुढे पुढे तर एकही भरीनात. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. निवडणूक लागली की आमचे रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा होते. इतक्या निवडणुका झाल्या. दर वेळी ते महिना-दोन महिने ठाण्याच्या कोठारात जाऊन राहिले. त्या काळात आमच्या घरावर दरोडा पडला नाही, मला झोप लागली नाही असेही झाले नाही. मग उरलेल्या दिवसांत ते कोणाचे रक्षण करीत होते? खरे सांगायचे तर आम्हीच त्याचे रक्षण करीत होतो: कुलूप, किल्ली, किल्लीची जागा, नूतनीकरणाची तारीख, आणि पाहुण्यांची मुले घरी आली की मनात एक धाकधूक.

आता वारसाचा प्रश्न. मुलाला काय सांगावे ह्या विचारात मी असताना मला आपल्याच परशुरामाची गोष्ट आठवली. महाभारतात ती आहे. परशुराम आपले सर्वस्व दान करून बसला होता. द्रोण पोचला तेव्हा द्यायला दोनच गोष्टी उरल्या होत्या, स्वतःचे शरीर आणि अस्त्रे. द्रोणाने अस्त्रे मागितली. परशुरामाचे हात मोकळे झाले; पण अस्त्रे मोकळी झाली नाहीत, ती पुढच्या हातात गेली. द्रोणानेही पुढे मुलाच्या हट्टापायी अश्वत्थाम्याला एक घोर अस्त्र दिले. नाखुषीने दिले, माणसावर सोडू नकोस असे बजावून दिले. शेवटी काय झाले ते आपण जाणता. बापाच्या मरणाने पेटलेल्या मुलाने ते सोडले. अर्जुनाला आपले अस्त्र आवरता आले. अश्वत्थाम्याला सोडता येत होते, परत घेता येत नव्हते. आणि ते जाऊन पडले उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर.

माझा मुलगा अश्वत्थामा नाही. तो पुण्याला हिशेबाचे काम करणारा सालस माणूस आहे. पण त्यालाही मुले आहेत, त्याच्याही घरात फडताळ आहे, आणि रागाचा एखादा दिवस सालस माणसाच्याही वाट्याला येतो. शस्त्र देणारा आपल्या वारसाला ओळखतो. वारसाच्या वारसाला ओळखत नाही. ज्याला खरी गरज आहे, जो एकाकी शेतवस्तीवर राहतो, त्याने कायद्याप्रमाणे परवाना मागावा. त्याला मी नावे ठेवणार नाही. पण “असू दे” हे कारण भांड्याला चालते, खुर्चीला चालते. भरता येणाऱ्या हत्याराला चालत नाही.

कोणी म्हणेल, मग ही आवडच पुसून टाकायची काय? मुळीच नाही. ह्याच 0.22 च्या काठाच्या काडतुसावर जगातली नेमबाजी उभी आहे. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले ते ह्याच मापाने. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवले, तेही ह्याच मापाने. ज्याला ह्या यंत्राची, त्या नेमाची, श्वास रोखून धरण्याची गोडी आहे, त्याने मैदानावर जावे. तिथे शिकवणारा असतो, समोर कागद असतो, आणि खेळ संपला की हत्यार कुलुपात जाते. फ्लोबेरने ते काडतूस मुळात खेळासाठीच केले होते. त्याला त्याच्या माहेरी पोचवल्यासारखे होईल.

माहूरच्याच इतिहासातील एक नाव घेऊन समारोप करतो. आपली देशमुखीण रायबागन. औरंगजेबाने तिला ही पदवी दिली, म्हणजे ती तलवारीला कच्ची नव्हती. 1661 साली उंबरखिंडीत ती कारतलबखानाच्या फौजेबरोबर होती. शिवाजी महाराजांनी खिंडीत दोन्ही तोंडे बांधली, पाण्याचा थेंब मिळेना, आणि खान घोटाळला. तेव्हा आता लढणे व्यर्थ आहे, शरण जाऊन वाट मागा, असे त्याला स्पष्ट सांगणारी रायबागनच होती, असे शिवभारतात वर्णन आहे. हजारो माणसे त्या एका शब्दाने जगली. हत्यार केव्हा उचलावे हे पुष्कळांना कळते. केव्हा खाली ठेवावे हे कळायला वाघीण असावे लागते.

मी अर्ज केला आहे. पण वारसाच्या नावाने नव्हे. रिव्हॉल्व्हर रीतसर जमा करण्याचा. मुलाला पत्राने कळवले. त्याचे उत्तर आले त्यात थोडा रुसवा आहे, तो जाईल. त्याच्यासाठी मी वडिलांची रिकामी कातडी म्यान, तेलाची बाटली आणि ती फाटकी चिंधी ठेवली आहे. मुलीला विचारले, तुला काय हवे? ती म्हणाली, “बाबा, वाडा पाडून नवे घर बांधाल तेव्हा तो खांब मला द्या.”

तो खांब मी देणार आहे. पण ह्या दसऱ्याला तो जागेवरच असेल. पाटावर कोयता असेल, विळा असेल, आजोबांची तलवार असेल. एक जागा रिकामी राहील. आईने घालून दिलेली रीत मोडणार नाही. सगळी घरे रिकामी आहेत हे पाहूनच कुंकू लावले जाईल, आणि ते त्या खांबाला लावले जाईल.